हिवरावरची साडी

आमच्या गावात माझ्या बोलण्याला चारने भागायची रीत आहे. घाटात चार कोल्हे आडवे गेले असं मी म्हणालो, तर ऐकणारा मान डोलावतो आणि मनात एकच कोल्हा ठेवून घेतो. जीपमध्ये सोळा माणसं बसवून आणली म्हणालो, तर लोक चार धरतात. आता ती सोळा खरंच होती, त्यातली दोन तर टपावर होती, पण भागाकाराला शपथ कळत नाही.

ही रीत घालून दिली दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लहानपणी एकदा मी ओढ्याकडून धापा टाकत घरी आलो आणि म्हैस गिळून सुस्त पडलेली घोरपड बघितल्याचं सांगितलं. सगळं घर काठ्या घेऊन निघालं. दादा मात्र दारात बसून शेंगा फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "चारनं भागा. बेडूक गिळला आसंल." खरं तर तिनं बेडूकही गिळला नव्हता. खरं तर ती घोरपडही नव्हती, पण ते जाऊ द्या.

देवानं आम्हा दोघा भावांना मिळून जेवढं बोलणं दिलं होतं, त्यातले पंधरा आणे मी उचलले. दादाकडे एक आणा राहिला, आणि तोही तो जपून वापरायचा. त्यातला बराचसा वहिनीवर खर्च व्हायचा.

मी जीप चालवतो. पाथर्डीहून आजूबाजूच्या गावांना माणसं, बोकडं, नवरदेव, सिलिंडर, जे मिळेल ते वाहून नेतो. दिवाळी झाली की आमच्याकडची अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि जीप दारात धूळ खाते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या उघड्याबोडक्या माळावर पाहुणे उतरतात. आधी येतात कुठून कुठून उडत आलेले भोवत्या, ससाणे असले शिकारी पक्षी. मग त्यांना बघायला नगरच्या सावेडीतून आणि पुण्यातून येतात टोपीवाली माणसं. एकदा अशाच एका टोळीची गाडी मुरमात रुतली. मी ती दोर लावून ओढून काढली आणि तेवढ्या वेळात माळावरच्या पक्ष्यांबद्दल इतक्या थापा मारल्या, की पुढच्या रविवारी ती मंडळी आपली गाडी घरी ठेवून माझ्याच जीपमध्ये बसायला आली.

या कामात थापांना फार मोल आहे. रानातला पक्षी एसटीपेक्षा बेभरवशाचा. एसटीला निदान उशिराची तरी एक वेळ असते. दोन-दोन तास आभाळ कोरडं ठणठणीत, ऊन इतकं की सावलीसुद्धा झाडाखाली येऊन बसते, आणि मागच्या सीटवर माणसं चुळबुळ करायला लागतात. तेव्हा मी सांगतो, की आमच्या माळावरच्या सापमार गरुडानं एकदा असा साप उचलला, असा साप, की त्याचं तोंड करंजी घाटात होतं आणि शेपूट पाथर्डीच्या स्टँडवर. मधल्या गावांतल्या बायकांनी दोरी समजून त्याच्यावर धुणं टाकलं होतं, तेही वर गेलं.

एका बाईंनी विचारलं, "काका, मग धुणं सापडलं का?"

"परकर सापडले, मॅडम. टॉवेल अजून वरच हायेत."

पण एका बाबतीत मी कधी थाप मारली नाही, आणि ते म्हणजे अंतर. हे मला एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. सुरुवातीला मीही जीप थेट पक्ष्याच्या अंगावर घालायचो. पाहुणा खूष, मी खूष. बाई एकदाच म्हणाल्या, "पक्षी तुमच्याकडे बघायला लागला ना, की समजायचं आपण फार जवळ आलो. त्यानं आपलं काम करत राहायला हवं. आपण आलो आणि गेलो, हे त्याला कळताच कामा नये." पुढे गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं थांबलं, तेव्हा त्यांनी आपली तीन पायांच्या तिकाटण्यावरची जुनी दुर्बीण मला देऊन टाकली. तेव्हापासून माझ्या जीपमधून कुणी खाली उतरत नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, उंदीर-कोंबडी टाकून भुलवायचं नाही, फोटोखाली गावाचं नाव टाकायचं नाही. आणि घरट्याचे दिवस असतील तर जीप टेकडीच्या धारेवरच उभी राहणार, टायरभरही खाली उतरणार नाही.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. गळ्यात तोफेएवढा कॅमेरा घेतलेला एक जण एकदा ऐकेना.

"काका, थोडं खाली घ्या ना. इथून नुसता ठिपका दिसतोय."

"ठिपकाच हाय तो. जवळ गेलं की उडालेला ठिपका."

"पाच मिनिटं फक्त. मी एकटाच चालत जातो."

"जावा की. पण तिकडं विहिरीला सुरुंग भरल्यात. बाकीचे फुटले, दोन राहिल्यात. कुठले दोन, ते ठेकेदाराला बी ठावं न्हाई. परवाच एक बोकड गेलं."

"खरंच?"

"बोकडाच्या मालकाला फोन लावून देऊ का?"

विहीर नव्हती, ठेकेदार नव्हता, आणि बोकड मी स्वतः बाजारात पोचवलं होतं, जिवंत. पण गडी गुमान मागे बसला. माझ्या थापेला चारने भागलं तरी पाव सुरुंग उरतो, आणि पाव सुरुंगावर पाय ठेवायला कुणी तयार नसतं.

हे सगळं ज्याच्यासाठी चालायचं, ते हिवराचं झाड आमच्याच बांधावर होतं. अलीकडे दादाचं पत्र्याचं घर, मग त्याची डाळिंबाची बाग, बागेच्या पलीकडच्या बांधावर एकटा हिवर, आणि त्याच्यामागे टेकडी चढत जाणारा माळ. टेकडीवर पवनचक्क्या, आणि तिच्या बाजूला सोंडेसारखी फुटलेली धार, माझ्या जीपची जागा. हिवर काही उंच नव्हता, पण काट्यांनी भरलेला आणि माथ्यावर पसरट, परातीसारखा. त्या परातीत सापमार गरुडाच्या जोडीनं काड्यांचं घरटं केलं होतं.

ती जोडी आली त्याच्या आधीच्या पावसाळ्यात वहिनी गेली. ताप आला, नगरला नेलं, आणि परत आणलं ते माझ्याच जीपमधून. त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

डाळिंबाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडचं चैत्रातलं ऊन फळाला भाजून काढतं, साल करपते आणि डाग पडतो. म्हणून लोक झाडांवर जुन्या साड्या टाकतात. बाजारात अशा साड्यांचे गठ्ठेच मिळतात. लांबून बघितलं तर बाग दिसत नाही, गावोगावच्या बायका पंगतीला बसल्यासारख्या दिसतात. दादाच्या बागेत हे काम वहिनीचं. कुठल्या झाडाला कसा पदर घ्यायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून कुठे गाठ मारायची, हे तिच्या हातात होतं. दादा दुसरं टोक धरायचा. वहिनी म्हणायची, "बघा भावजी, ह्या झाडांना माझ्यापरीस जास्त साड्या हायेत. कधी मला इचारलं का, तुला कंचा रंग पायजे म्हनून?" दादा टोक धरून नुसता हसायचा.

ती गेल्यावर दादाचा तो एक आणाही संपला. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. पोरगा चाकणला कंपनीत, सुटी संपल्यावर त्याला जावं लागलं. एके दिवशी दादा मला म्हणाला, "जेसीबी सांगून ठिव. बाग काढून टाकतो."

"आरं, फळावर आलेली बाग?"

"कुनासाठी राखायची?"

मी दहा थापा मारल्या. जेसीबीवाला आजारी आहे, डिझेल महागलंय, मशीन नेवाशात चिखलात फसलंय. दादानं चारने भागून वाट बघितली. बाग जाणार आणि तिच्यामागे दादाही जाणार, हे मला दिसत होतं. माणूस कामावरून उठला की कुठे जाऊन बसतो, ते आपल्याला माहीत असतं.

आणि मग एक दिवस मी जीपमध्ये माणसं कोंबत असताना दादाचा फोन आला. दादानं आपणहून फोन केल्याचं मला आठवत नव्हतं.

"बारक्या," दादा म्हणाला, "ती हिरवी काडी आनती."

"कोन?"

"घार न्हाई, तुझं ते, सापमाऱ्या. वाळल्या काड्यांवर हिरवा पाला आंथरती. बाजेवरनं दिसतंय मला."

तेवढंच बोलून फोन ठेवला. मी ती दुर्बीण त्याच्या ओट्यावर नेऊन बसवली. ओट्यापासून हिवर चांगला लांब, मधे सगळी बाग. दादा बाजेवर बसायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचा. जोडीला दादा म्हणजे त्या घराचाच एक खांब वाटत असावा. त्यांनी कधी मान वळवली नाही.

मग रोज फोन. मादी बसली. नर साप घेऊन आला. मादी उठली, नर बसला. हा पक्षी एकच अंडं घालतो. दोन नाही, तीन नाही, एकच. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे ह्यांच्यात बी एकुलतं एकच." त्यानंतर चाकणच्या पोराचा फोन चुकू नये म्हणून तो फोन खिशात ठेवायला लागला.

पिल्लू निघालं तेव्हा उन्हाळा लागला होता. कापसाच्या बोंडाएवढं पांढरं डोकं काड्यांच्या वर डुगडुगताना दिसायचं. गरुड साप अख्खा गिळून आणतो, शेपूट तेवढं चोचीतून बाहेर लोंबत असतं, आणि पिल्लू ते धरून ओढून काढतं. दादाला याचं इतकं कौतुक, की मी संध्याकाळी गेलो की तो हातवारे करून दाखवायचा.

"आज केवढा साप आनला म्हनतोस! हितनं तिथवर!"

"चारनं भागू का?"

"एक वीत बी कमी न्हाई!" आणि दादा हसला. माझा भाऊ, माझ्यासारखा हात पसरून, हसला.

आणि सावली. भर दुपारी मादी घरट्याच्या काठावर उभी राहायची आणि दोन्ही पंख अर्धे उघडून धरायची, तासन् तास, तोंड वासून, ऊन पाठीवर घेऊन. पिल्लू खाली. दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीवानी. पदर धरल्यागत." दुसऱ्या दिवशी त्यानं गठ्ठा सोडला आणि बागेवर साड्या टाकायला घेतल्या. दुसरं टोक मी धरलं. जेसीबीचा विषय मी हळूच काढला, तर म्हणाला, "पिल्लू उडू दे. मग बघू."

ते पिल्लू उडण्यावर काय काय टांगलेलं होतं, हे फक्त मला माहीत होतं.

घरट्याचा एक फोटो एका पाहुण्यानं धारेवरून काढला होता. भला माणूस. त्यानं गावाचं नाव टाकलं नाही, काही लिहिलंही नाही. पण मादीच्या डोक्यामागे पवनचक्क्या आल्या होत्या, आणि त्यांच्या खालचा तो वाकडा कडा. ज्याला ओळखायचं त्याला तेवढं पुरतं. फोटो फिरत फिरत कुठे गेला देव जाणे.

त्या रविवारी मी गावातलं एक नवीन जोडपं आणि त्यांचं अर्धं गणगोत घेऊन शिर्डीला गेलो होतो. दर्शनाची रांग मोठी, मी जीपपाशी उभा. दादाचा फोन आला.

"बारक्या, गाड्या आल्यात."

"कुनाच्या?"

"ठावं न्हाई. बांधापत्तुर आल्यात. एकानं ते गिरगिर करनारं वर सोडलंय, घरट्यावर. ती उडाली रं."

"सुरुंगाचं सांग त्यांना!"

"मला न्हाई जमत तसलं."

"आरं दादा, सांग फकस्त! सुरुंग, बोकड..."

"मी काठी घेतो," दादा म्हणाला.

बऱ्याच वेळानं परत फोन आला. धाप लागलेली, पण आवाज मोकळा. "घालवले समदे. एकाचं ते यंत्र खाली पाडलं काठीनं. तू सावकाश ये. आता मी हाय हितं."

मी जीपच्या बॉनेटवर थाप मारली आणि ड्रोनचं विमान करून शेजारच्या ड्रायव्हरला सांगितलं, की माझ्या भावानं नुसत्या काठीनं विमान पाडलं. 'हितं' म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा मी गावाच्या वळणावर पोचलो. तिथून आमचा हिवर दिसतो. त्याच्या माथ्यावर काहीतरी जांभळं हलत होतं.

मी जीप तशीच घराकडे घेतली आणि बागेतून पळत गेलो. हिवराच्या वर साडी होती. चार बाजूंनी नीट ताणलेली, मधे थोडी फुगवटा घेतलेली, जशी डाळिंबावर घेतात. काट्यांनीच गाठींचं काम केलं होतं. झाडाला शिडी टेकलेली, आणि बुंध्याला पाठ लावून, काठी मांडीवर आडवी घेऊन दादा बसला होता. ज्वारीच्या राखणीला बसतात तसा. दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे, सदऱ्याची बाही फाटलेली. आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं.

"ती परत येईना," दादा म्हणाला. "आई पळाली म्हनल्यावर पिल्लू उन्हात तडफडाया लागलं. चोच अशी उघडी. म्हनलं, सावली तर आपल्याला करता येती."

मी वर बघितलं. ती साडी मी ओळखली. गठ्ठ्यातली नव्हती.

"ही वहिनीची."

"गठ्ठ्यातल्या नायलॉनच्या हायेत. टोचलं आसतं त्याला. ही सुती हाय, मऊ. पेटीतनं काढली."

"आनि तू? तू हितं कधीपस्नं बसलास?"

"तवापस्नं. आता कुनाची टाप हाय का जवळ यायची!"

मी मान वर करून बघत राहिलो. लांब, पवनचक्क्यांच्याही वर, एक ठिपका गोल फिरत होता. मी गळ्यातली लहान दुर्बीण डोळ्याला लावली. तीच होती. चोचीतून शेपूट लोंबत होतं. किती वेळ ती तशी फिरत होती कोण जाणे.

"दादा, उठ. आपन धारेवर जाऊन बसू."

"आनि राखन?"

"राखन नको आता."

"मंग ते परत आले तर? तुझे ते नियम पाव्हण्यांना, बारक्या. मी घरचा हाय. मला वळखती ती. रोज बघती."

मी आयुष्यभर माणसांना काय काय ऐकवलं. सासऱ्याला, पोलिसाला, मेलेल्या माणसाच्या पोराला. सगळ्यांना सोपी जाईल अशी एखादी थाप मला नेहमी सापडली. त्या झाडाखाली मी शोधली आणि मला सापडली नाही.

"दादा," मी म्हणालो, "ती तुला भिऊन येत न्हाई."

दादानं माझ्याकडे बघितलं. याला आता कितीनं भागावं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. मग तो उठला. मला शिडीला हात लावू दिला नाही, स्वतःच चढला. एक एक काटा सोडवत साडी काढली, फाटू न देता. काढून झाल्यावर घरट्यात वाकून बघितलं आणि तसाच खाली आला.

"झोपलंय," म्हणाला.

दादानं मारलेली ती एकच थाप मला ठाऊक आहे. मला ती खरी वाटली, मी भागलीच नाही. जीपमध्ये बसताना मी त्याला म्हणालोदेखील, की उद्या बघ कसं टुणटुणीत होतंय.

आम्ही वळसा घालून धारेवर गेलो. जीपच्या काचा खाली केल्या, ओट्यावरची दुर्बीण दादाच्या खिडकीवर टेकवली. तो बघत होता आणि मी त्याचं तोंड बघत होतो. थोडा वेळ काहीच नाही. मग तो ठिपका मोठा होत खाली आला. साध्या डोळ्यांनी मला एवढंच दिसलं, की हिवरावर काहीतरी उतरलं.

"आली," दादा म्हणाला.

मी जीपच्या छताला हात लावून नमस्कार केला.

"वाकली. शेपूट त्याच्याम्होरं धरलंय." मग त्यानं डोळा काचेला आणखी घट्ट लावला. "धरंना ते." आणखी थोड्या वेळानं, "परत वाकली. धरंना."

तेव्हा मला कळलं की झोपलंय म्हणजे काय.

"दादा, बास. दे इकडं."

त्यानं दुर्बीण सोडली नाही. सूर्य पवनचक्क्यांकडे उतरला होता, ऊन तिरपं होऊन थेट घरट्यावर येत होतं. दादा म्हणाला, "पंख धरले तिनं." मग दुर्बीण बाजूला सारली आणि समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "म्हंजे आमी उठायचीच वाट बघत हुती."

मी बोलत सुटलो. त्या गिरगिऱ्यानंच गेलं असेल, मघाशीच गेलं असेल, तू चढलास त्याच्या आधीच, तू काय केलं नाहीस, सावलीनं कधी कुणी मरतं का. सगळं एका दमात. दादानं ऐकून घेतलं. कितीनं भागलं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर तो ओट्यावर बसून त्या साडीत मोडून राहिलेले काटे काढत होता. एक एक काटा काढून वाटीत ठेवत होता. साडीला बारीक बारीक भोकं पडली होती. उजेडात धरली की चांदण्यांसारखी दिसायची. घडी घालून त्यानं ती परत पेटीत ठेवली.

जोडी चार-दोन दिवस घिरट्या घालत राहिली आणि मग गेली. पाऊस पडल्यावर जेसीबीही आला. मी सांगितला नव्हता, दादानंच कुणाकडून तरी नंबर मिळवला. झाडं उपटताना काही झाडांवर साड्या तशाच होत्या. हिवराला मात्र त्यानं हात लावू दिला नाही. तो एकटा उभा राहिला, माथ्यावर काड्यांची मोकळी परात घेऊन. बाजेचं तोंड दादानं फिरवलं. आता तो टेकडीकडे पाठ करून बसतो.

पाहुण्यांना मी अजून नेतो. थापाही मारतो, सापाचं शेपूट अजून स्टँडवरच आहे. सुरुंग मात्र मी वाढवलेत. दोनचे आठ केले. पवनचक्क्या फोटोत येतील अशा जागी आता जीप उभी करत नाही. कुणी विचारलं, काका एवढं काय होतं हो जवळ गेल्यानं, आम्ही काय त्याला दगड मारणार आहोत का, तर मला उत्तर येतं, पण ते मी देत नाही. ती एकच गोष्ट माझ्याकडून फुगवून सांगता येत नाही, आणि आहे तशी सांगायची मला सवय नाही. मी म्हणतो, बोकड गेलं हो.

या हिवाळ्यात ती जोडी मला पुन्हा दिसली. किंवा दुसरी असेल, मी काय त्यांचं आधार कार्ड बघितलं नाही. कुठे दिसली ते सांगणार नाही. तिथे मी एकाही पाहुण्याला नेलं नाही. घरटं झालं, मादी बसली, आणि उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी मी बघितलं, की ती काठावर उभी राहून पंख धरतेय.

मी तडक दादाकडे आलो. "दादा, ती आलीय. पिल्लू हाय. एक पिल्लू हाय, दादा."

तो पाठमोराच होता. त्याच्या मानेवरून मला कळलं, की तो भागतोय. एकाला चारने भागल्यावर पिल्लू म्हणावं असं काही उरत नाही. "बरं," तो म्हणाला. समजूत घालायला आलेल्या माणसाचीच समजूत घालावी, तसं.

"तू चल माझ्यासंगं. जीपमधनं दाखवतो. खाली उतरायचं न्हाई."

"न्हाई. मी न्हाई येनार. मी बघितलं न्हाई तरच बरंय त्यांचं."

मी दोन दिवस तळमळत काढले. त्या झाडाखालच्यानंतर पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि ते चारने भागून संपलं होतं. फोटो आणून दाखवावा, तर फोटोसाठी जवळ जावं लागणार. दादाला उचलून न्यावं, तर तो मला भारी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "दादा, चार पिल्लं हायेत."

हा पक्षी एकच अंडं घालतो, हे दादाइतकं कुणाला माहीत होतं?

बराच वेळ त्याची बोटं बाजेच्या सुंभावर फिरत राहिली. मग म्हणाला, "म्हंजे एक आसंल."

"एक आसंल," मी म्हणालो.

"सावली करती का त्याला?"

"करती. दुपारभर."

"तू कुठनं बघतोस?"

"लई लांबनं. आपल्या ओट्यापस्नं हिवर जेवढा, तेवढ्यावरनं."

"ते चारनं गुन," दादा म्हणाला. टेकडीकडे मान त्यानं तेव्हाही वळवली नाही. "आनि तिथनं बघ."

दुसऱ्या दिवशी मी जीप मागे घेतली. आणखी मागे घेतली. तिथून पिल्लू दिसत नाही, मादीही दिसत नाही, झाड कुठलं तेही नीट ओळखू येत नाही. हलणारं ऊन तेवढं दिसतं. मी तिथे थोडा वेळ बसतो आणि परत येतो. संध्याकाळी दादाला सांगतो, की आज पिल्लानं अमुक केलं, आज एवढा मोठा साप ओढून काढला, आज पंख फडफडवून अख्ख्या माळावर धूळ उडवली. दादा पाठमोरा बसून ऐकतो, आणि भागत राहतो.